काचेमागचं जातं आणि टेबलावरची बरणी

ताई, सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ठाण्याहून पुण्याला गेलो होतो. मी, माझे यजमान, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाई सातारा जिल्ह्यातल्या, सगळं आयुष्य गावी गेलं, दोन वर्षांपासून आमच्याकडे असतात. केळकर संग्रहालयात जुनी भांडी, जातं, अडकित्ते बघताना मुलगा मोठ्यानं म्हणाला, ‘‘आजी, हे बघ, तुझं किचन इथे ठेवलंय!’’ आम्ही हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. परतताना गाडीत एवढंच म्हणाल्या, ‘‘मला बी ठिवा आता काचंत.’’ शनिवारवाड्यात मुलगा दहा मिनिटांत कंटाळला. ‘इथे काहीच नाहीये’ म्हणाला.

त्याला एकाही वस्तूचं मराठी नाव येत नव्हतं, हे यजमानांच्या मनाला फार लागलं. घरी आल्यावर त्यांनी नियम केला की जेवताना इंग्रजी शब्द आला तर एक रुपया बरणीत टाकायचा. महिना झाला. बरणीत ४७ रुपये जमलेत आणि मुलगा जेवताना बोलेनासा झालाय. सासूबाईही गप्पच असतात. नियम चालू ठेवावा का? आणि मुलाला अशा ठिकाणी पुन्हा न्यावं की नको?
— एक आई, ठाणे

प्रिय मैत्रिणी,

बरणी आज रात्रीच टेबलावरून उचला. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी करा. सहावीतलं पोर जेवताना बोलायचं थांबलं, यापेक्षा मराठीचं मोठं नुकसान तुमच्या घरात दुसरं होऊ शकत नाही.

हे मी अनुभवानं सांगते आहे. माझी मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली तेव्हा रोज रात्री फोन करायची. ती ‘ॲक्च्युअली’ म्हणाली की मी तिला तोडून ‘खरं तर’ म्हणायचे. ‘मी ट्राय केलं’ म्हणाली की ‘प्रयत्न केला म्हण’. एकदा ती मैत्रिणीच्या आजारपणाबद्दल सांगत होती, आवाज कापत होता, आणि तेव्हाही मी तिचा एक शब्द दुरुस्त केला. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ‘ठेवते आई’. त्यानंतर रोजचा फोन आठवड्याचा झाला. तिची भाषा होती तशीच राहिली, फक्त तिच्या आयुष्यातलं मला कळायचं कमी झालं. याचं मला अजून वाईट वाटतं. तुमच्या घरात महिनाच झाला आहे, अजून वेळ आहे.

यजमानांवर मात्र रागावू नका. आपल्या आईच्या हातातल्या वस्तू मुलाला ओळखता येत नाहीत, हे बघून बापाच्या पोटात तुटलं, ही चांगल्या माणसाची खूण आहे. फक्त त्यांनी पहारा भलत्याच दरवाजावर बसवला. ते नामांवर लक्ष ठेवून आहेत आणि गळती दुसरीकडूनच लागली आहे.

बाहेरून येणाऱ्या नामांना मराठी कधी घाबरली नाही. तुमच्या टेबलावरचा बटाटा आणि पाव पोर्तुगीजांकडून आले. चावी, पगार, बादली, घमेलं हे शब्दही त्यांचेच. कागद, बाजार, दरवाजा, जमीन फारसीतून आले. संग्रहालयात ज्याचं नाव मुलाला आलं नाही तो अडकित्ता कानडीतून आलेला आहे. कानडीत सुपारीला अडिके म्हणतात.

मी काही वर्षांपूर्वी कर्नाटकात श्रवणबेळगोळला गेले होते. गोमटेश्वराच्या त्या प्रचंड मूर्तीच्या पायाशी मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक कोरलेला आहे, हे शाळेपासून ऐकलेलं. ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही त्यातली ओळ. तिथे उभी राहून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं आणि डोळे भरून आले, कारण त्यातलं ‘करवियलें’ मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. करवून घेतलं. माझी आजी ‘करविलं’ म्हणायचीच. पुढच्या ओळीत गंगराजानं ‘सुत्ताले’ करविल्याचं लिहिलं आहे, म्हणजे मूर्तीभोवतीचं आवार. आणि हा ‘सुत्ताले’ शब्द कानडी. मराठीच्या इतक्या जुन्या कोरीव वाक्यातसुद्धा नाम शेजारणीकडून उसनं घेतलेलं आहे, क्रियापद मात्र आपलं आहे. त्या दिवशी ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आणि तुमचं पत्र वाचताना तीच पुन्हा वर आली.

शब्द ठरवून बदलता येतात का? येतात, पण सगळे नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दरबारी कामकाजातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याला प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सरनोबताला सेनापती. मोठं आणि आवश्यक काम होतं ते, राज्य आपलं आहे हे रोजच्या कागदातून दिसायला हवं होतं. पुढच्या शतकात बाजीरावांच्या शिक्क्यावर ‘मुख्य प्रधान’ अशीच अक्षरं होती. लोक मात्र पेशवेच म्हणत राहिले, आणि तुम्ही ज्याच्या दरवाजातून आत गेलात तो शनिवारवाडा आजही पेशव्यांचाच आहे. दुसरीकडे पंतप्रधान हा शब्द आज देशाच्या कारभारात ठसठशीत उभा आहे. दोन्ही शब्द जगले, आपापल्या जागी. सावरकरांनी दिलेला महापौर घराघरांत रुजला. त्यांचीच झरणी मात्र कुणाच्या हातात टिकली नाही, तिथे पेनच राहिलं. हे शब्द लोकांना हवेसे वाटले म्हणून रुजले. जेवणाच्या ताटावर दंड आकारून कुठला शब्द रुजल्याचं मी पाहिलेलं नाही.

गावांची, ठिकाणांची नावंही अशीच. मुंबईच्या मोठ्या स्टेशनला माझे वडील बोरीबंदर म्हणायचे. १८५३ साली पहिली गाडी तिथूनच ठाण्याला निघाली होती, म्हणजे तुमच्याच गावाला. मी आयुष्यभर व्हीटी म्हणाले. १९९६ साली नाव बदललं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ आलं, आणि माझी मुलगी सीएसएमटी म्हणते. आम्हा तिघांनाही ते स्टेशन आपलंच वाटत आलं आहे. तिनं बोरीबंदर म्हणावं असा माझा आग्रह नाही. वडील तसं म्हणायचे एवढं तिला ठाऊक आहे, आणि ते मला पुरेसं वाटतं.

आता गळती कुठे आहे ते सांगते.

तुमच्या सासूबाईंना विचारा, स्वयंपाकघरात धान्याचं, मसाल्याचं काय काय करायच्या. त्या सांगतील: दळायचं, भरडायचं, कांडायचं, सडायचं, कुटायचं, वाटायचं, ठेचायचं, खलायचं, रगडायचं. ही एकाच कामाची नऊ नावं नाहीत, नऊ वेगळी कामं आहेत. दळलं की पीठ, भरडलं की भरड. तांदूळ सडतात, मिरची कुटतात, चटणी वाटतात, ठेचा ठेचतात, औषधाची मात्रा खलतात. हाताचा जोर वेगळा, साधन वेगळं, बसण्याची पद्धत वेगळी. आज आपण या सगळ्याला काय म्हणतो? ‘मिक्सरमधून काढ.’ मीही तेच म्हणते. एक यंत्र आलं आणि क्रियापदांचं अख्खं कुटुंब उठून गेलं.

विळीचंही तेच. भाजी चिरायची, मेथी खुडायची, बटाटा सोलायचा, नारळ फोडायचा आणि मग खवायचा, काकडी कोचवायची, गाजर किसायचं, ऊस तासायचा, सुपारी कातरायची. मुलं यातल्या बहुतेकांना ‘कट करणं’ म्हणतात. ‘कट’ इंग्रजी आहे याचं मला काही वाटत नाही. इतक्या वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसायला लागल्या याचं वाटतं. अंगावरच्या कपड्यांचं पाहा. साडी नेसतात, शर्ट घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात. आता साडीही ‘घातली’ जाते आणि गजरा ‘लावला’ जातो. यात इंग्रजीचा एकही शब्द नाही, तुमच्या बरणीत यासाठी एकही रुपया पडला नसता. आणि तरी मला खरं काही हरवल्यासारखं वाटतं ते इथेच. नेसण्यात सहावारीच्या निऱ्या आहेत, खोचणं आहे, पदर काढणं आहे. घालण्यात त्यातलं काही येत नाही.

संग्रहालयात हे दाखवता येत नाही, कारण काचेमागे वस्तू ठेवता येते, तिचं काम ठेवता येत नाही. जात्याच्या पाटीवर ‘जाते’ एवढं लिहिता येतं. मूठमूठ धान्य त्याच्या तोंडात घालण्याला वैरणं म्हणतात, वरचा दांडा तो खुंटा, दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायची, आणि टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ खायचं नाही कारण त्यात कच येते, हे पाटीवर कुठे मावणार? ते तुमच्या सासूबाईंना माहीत आहे. त्या दिवशी त्या दालनात वस्तूंबद्दल सर्वांत जास्त जाणणारं माणूस त्या होत्या, आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. ‘मला बी ठिवा आता काचंत’ या वाक्यातलं दुखणं मला असं ऐकू आलं. आपल्या वस्तू जुन्या झाल्याचं दुःख असेलच. पण त्या वस्तूंसमोर आपण मुक्या उभ्या राहिलो, हे त्याहून मोठं दुःख आहे.

तुमचा लेक मात्र बोलला होता. ‘तुझं किचन इथे ठेवलंय’ हे वाक्य तुम्हाला आता टोचत असेल, पण मला त्याचं कौतुक वाटतं. इतक्या वस्तूंमधून त्यानं स्वतःच्या माणसाची वस्तू ओळखली. त्याला ‘जातं’ हा शब्द आला नाही, पण हे आजीचं आहे हे कळलं. या वाक्याला त्याच क्षणी ‘हो रे, आजीला विचार ना हे कसं चालवायची’ एवढं उत्तर मिळालं असतं, तर दिवस वेगळा गेला असता. आपण मोठी माणसं अशा वेळी हसतो आणि पुढच्या दालनात जातो. मीही गेलेली आहे.

ते संग्रहालय कुणी उभं केलं हे मुलाला सांगितलंत का? दिनकर केळकर कवी होते, ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहायचे. गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं, दारं, भांडी, पाय घासायच्या वज्र्यासुद्धा जमवल्या. तलवारी आणि दागिने जपणारे पुष्कळ असतात, माणसाच्या हाताला रोज लागणाऱ्या वस्तू त्यांनी जिवापाड जपल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. हजारो वस्तूंचा तो संग्रह त्यांनी त्याच्या नावानं ठेवला आणि राज्याच्या स्वाधीन केला. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावात पहिला शब्द त्या मुलाचा आहे. मी दर वेळी पायऱ्या चढताना ते नाव वाचते आणि क्षणभर थांबते. तुमच्या मुलाला हे सांगा. आपल्याहून लहान मुलाच्या नावाचं हे घर आहे हे कळल्यावर तो तिथे वेगळ्या नजरेनं पाहील, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा हो, पुन्हा न्या. पण सगळं संग्रहालय बघायचं नाही. एकच दालन, भांड्यांचं. गर्दी नसलेली सकाळ निवडा, सासूबाईंना बसायला जागा मिळेल असं बघा, आणि तुम्ही दोघं थोडं मागे राहा. मुलाला एवढंच सांगा, की आजीला तीन वस्तूंबद्दल विचार, ‘हे काय आहे’ असं नको, ‘याचं तू काय करायचीस’ असं विचार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका नामात संपतं. दुसऱ्याच्या उत्तरात आजी हात हलवून दाखवायला लागतील.

एक सावधगिरी घ्या. त्यांच्या तोंडून गोड आठवणीच याव्यात अशी अपेक्षा ठेवू नका. पहाटे अंधारात उठून घरादाराचं दळण दळणं हे बायकांच्या खांद्यांना आणि कमरेला विचारावं. गावात गिरणी आली तेव्हा कित्येक जणींनी सुटकेचा श्वास सोडला असेल. सासूबाई म्हणाल्या, ‘बरं झालं गेलं ते जातं’, तर ते मुलाला तसंच ऐकू द्या, मध्ये पडून ‘पण किती छान दिवस होते’ म्हणू नका. त्याच जात्यावर बायकांनी ओव्याही रचल्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या, आणि त्यांत माहेर आहे, लेक आहे, विठोबा आहे, तसाच नवऱ्याचा मारही आहे. सासूबाईंना ओव्या येत असतील. पण ‘म्हणून दाखवा ना’ असा आग्रह धरू नका. ओवी दळणाच्या लयीत येते, मागितली की लाजते. कधीतरी काही निवडता-पाखडताना आपसूक गुणगुणल्या, तर मुलाला खुणेनं गप्प बसवा आणि ऐका.

शनिवारवाड्याबद्दल तुमच्या मुलाचं म्हणणं खरंच आहे. तिथे काही नाही. १७३० साली पायाभरणी झालेला तो वाडा १८२८ च्या आगीत जळला. तट, दरवाजे, चौथरे आणि कारंज्याची जागा उरली. मोठ्यांना तिथे काहीतरी दिसतं, कारण आपण गोष्टी घेऊन आत जातो. मुलगा रिकाम्या हातानं गेला. १७७३ साली कोवळ्या वयाच्या नारायणरावाला गारद्यांनी तिथे मारलं. मूळ कागदावर ‘धरावे’ होतं, त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला गेला, असं सांगतात. वाडा जळाला, पण ‘ध चा मा करणं’ आपल्या बोलण्यात शाबूत आहे. एक अक्षर बदललं की माणसाचा जीव जातो, ही गोष्ट सहावीतल्या मुलाला अंगावर काटा आणणारी वाटेल. मोबाइलवर एक अक्षर चुकून भलताच निरोप गेल्याचा अनुभव त्याच्या पिढीला आपल्याहून जास्त आहे.

अशा जागा आपल्या बोलण्यात पुष्कळ आहेत. पानिपत होतं, अटकेपार झेंडे लागतात, कात्रजचा घाट दाखवला जातो. १९५७ साली रुपयाचे शंभर पैसे झाले तरी खरं अजून सोळा आणेच असतं, आणि शेर दुकानातून गेला तरी शेराला सव्वाशेर भेटतोच. सुपातले हसतात आणि जात्यातले रडतात, मग घरात ना सूप असो ना जातं. हे तुमच्या सासूबाईंच्या बोलण्यात दिवसातून चार वेळा येत असणार. मुलानं ‘म्हणजे काय?’ विचारलं की त्यांनाच उत्तर देऊ द्या. तुम्ही दोघांनी ‘अरे, सोपं आहे’ म्हणून पटकन अर्थ सांगून मोकळं व्हायचं नाही.

आणि त्या ‘ठिवा’, ‘काचंत’ बोलतात त्याला घरात कुणी हसत असेल, किंवा मुलानं तसं बोलू नये म्हणून कुणी त्याला सावरत असेल, तर तेही आजपासून थांबवा. पुस्तकी मराठी शाळा देईल. साताऱ्याची बोली त्याला फक्त आजीच देऊ शकते.

यजमानांशी बोलताना नियम चुकला असं सगळ्यांसमोर म्हणू नका. त्यांना सांगा की आईला आणि मुलाला एकमेकांपाशी बसवायचं आहे, आणि बरणी मध्ये येते. तेही समजतील. बरणी मुलाच्या हातांनीच रिकामी करवा. ४७ रुपये त्याला आणि आजीला द्या, दोघांनाच बाजारात पाठवा, मेथीची जुडी आणायला. कुठली जुडी घ्यायची ते आजी सांगतील. मग वर्तमानपत्र पसरून दोघं खुडायला बसू देत, त्या वेळी तुम्ही ओट्याशी दुसरं काहीतरी करा. तो ‘आजी, हे स्टेम पण घ्यायचं का?’ असं विचारेल. विचारू दे.

बरणी धुऊन, उन्हात वाळवून सासूबाईंना द्या. लिंबाच्या लोणच्याला त्यांना लागेल.

तुमची,
ताई